हंगेरीतलं 'कोचिश' हे आडनाव – गावावरून की धंद्यावरून?

फिरस्ता_पुणे (धागाकर्ता)

मंडळी, आमच्या कामात गेलं वर्षभर बुडापेस्टचा एक जण आहे. त्याचं आडनाव रोमन लिपीत वाचून मी इतके दिवस 'कॉक्सिस' म्हणत आलो. परवा त्याने शांतपणे सांगितलं, "आमच्याकडे सी आणि एस शेजारी आले की 'च' होतो आणि एकटा एस 'श'. मी कोचिश." ज्या माणसाशी रोज बोलायचं त्याचं नाव वर्षभर चुकीचं घेतलं, याचं मनापासून वाईट वाटलं. म्हणून निदान अर्थ तरी नीट समजून घ्यावा म्हणून विचारला. तर म्हणाला, "घोडागाडी हाकणारा." आणि पुढे म्हणाला की हा शब्द 'कोच' नावाच्या एका खेड्यावरून आलाय, इंग्रजीतला 'कोच'सुद्धा तिथलाच.

माझे प्रश्न दोन. हे आडनाव गावावरून आलं म्हणायचं की धंद्यावरून? आपल्याकडे हे दोन कप्पे बऱ्यापैकी वेगळे आहेत. सातारकर, निपाणीकर एकीकडे. सुतार, शिंपी, पोतदार दुसरीकडे. आणि दुसरं म्हणजे, आडनाव कोचिश आहे म्हणजे त्याचे पूर्वज गाडीवानच होते, असं धरून चालता येतं का?

गोगलगाय

कोच, कोची... केरळातल्या कोचीशी काही संबंध?

नीलाक्षी

गोगलगाय, नाही, तो निव्वळ उच्चाराचा योगायोग.

फिरस्ता, छान विषय काढलात. मी बुडापेस्टला सहा वर्षं होते, भाषाही तिथेच शिकले, त्यामुळे थोडं लांबण लावते.

कोच हे गाव खरंच आहे. बुडापेस्टच्या पश्चिमेला साधारण सत्तर किलोमीटरवर, कोमारोम-एस्तेरगोम जिल्ह्यात. जवळचं मोठं गाव कोणतं माहीत आहे? टाटा! (त्याचा आपल्या टाटांशी संबंध नाही, पण रेल्वे स्टेशनवर ती पाटी पाहून मी एकटीच हसले होते.) जुन्या काळी बुडा ते व्हिएन्ना हा रस्ता कोचवरून जायचा. राजा मात्याश, म्हणजे १४५८ ते १४९० या काळात राज्य केलेला मात्याश कोर्विनुस, याच्या काळात या रस्त्यावरची वर्दळ वाढली आणि कोचच्या कारागिरांनी बांधलेल्या हलक्या, वेगवान गाड्यांचं नाव झालं. लोक त्यांना 'कोची सेकेर' म्हणू लागले. 'सेकेर' म्हणजे गाडी आणि 'कोच'ला 'ई' लागून 'कोची' म्हणजे कोचची. पुढे 'सेकेर' गळून पडलं आणि नुसतं 'कोची' उरलं.

आता मराठीत बघा. पैठणची साडी ती पैठणी साडी. मग 'साडी' गळून नुसती 'पैठणी'. आज कुणी 'पैठणी साडी' म्हणालं तर जास्तीचं वाटतं. कोल्हापुरी चपलेचं तेच. आणि पैठणी विकतो तो पैठणीवाला. हंगेरियनमध्ये 'कोची'ला शेवटी 'श' लावला की 'कोचिश', कोचीवाला. कोच, कोची, कोचिश. पैठण, पैठणी, पैठणीवाला. पायऱ्या अगदी त्याच.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: शब्दाच्या पोटात गाव आहे, पण आडनाव धंद्याचं आहे.

चकली_भाजणी

पैठणीचं उदाहरण वाचून एकदम डोक्यात शिरलं. वाचनखूण साठवली.

तर्कटी

नीलाक्षीताई, उपमा सुंदर आहे, पण एक शंका. 'गावावरून नाही' हे इतक्या ठामपणे कसं म्हणता? पोटी कोच गाव आहेच की. कोचहून दुसऱ्या गावी जाऊन राहिलेल्या माणसाला लोक त्याच नावाने हाक मारणार ना? 'कोचिश' म्हणजे 'कोचकर' असं का नाही?

नीलाक्षी

तर्कटी, कारण 'कोचकर'साठी त्यांच्याकडे वेगळं आडनाव आहे: 'कोची'. नुसता 'ई'. गाव सांगायला हंगेरियनला 'ई' पुरतो. बुडाचा तो 'बुदॉई', देब्रेत्सेनचा तो 'देब्रेत्सेनी'. मागचा 'श' गावाला लागत नाही, वस्तूला लागतो. हा 'श' आपल्या '-दार'सारखा समजा. पाणीदार हे विशेषण आणि जमीनदार हा माणूस, '-दार' दोन्हीकडे चालतो. तसंच 'वीझ' म्हणजे पाणी, 'विझेश' म्हणजे ओलं. 'शो' म्हणजे मीठ, 'शोश' म्हणजे खारट. आणि 'पुश्का' म्हणजे बंदूक, तर 'पुश्काश' म्हणजे बंदूकवाला. 'लॉकॉत' म्हणजे कुलूप, 'लॉकॉतोश' म्हणजे कुलपं करणारा. 'केरेक' म्हणजे चाक, 'केरेकेश' म्हणजे चाकं करणारा. ही सगळी तिथे घरोघरी आढळणारी आडनावं आहेत.

तर्कटी

'कोची' हे वेगळं आडनाव आहे हा मुद्दा निर्णायक आहे. पटलं.

फुटबॉलवेडा

पुश्काश! कोचिश! अहो, ही दोन्ही नावं एका दमात घेतली आणि फुटबॉलचा विषय नाही, असं कसं चालेल?

कोचिश शांदोर (तिकडे आडनाव आधी लिहितात म्हणून तसंच लिहितो) हा १९५४च्या विश्वचषकात सर्वाधिक गोल करणारा खेळाडू. एकट्याने ११ गोल, तेही पाच सामन्यांत. हेडरने गोल मारण्यात असा वाकबगार की 'सोनेरी डोक्याचा' म्हणत त्याला. त्याच्या शेजारी पुश्काश. १९५३मध्ये वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असं हरवणाऱ्या संघात हे दोघे होते. आणि १९५४च्या अंतिम सामन्यात बर्नला पश्चिम जर्मनीविरुद्ध २-०ने पुढे असताना ३-२ने हरले. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, तरी तो सामना आठवला की जीव तुटतो. १९५६च्या उठावानंतर कोचिश देशाबाहेर राहिला, बार्सिलोनाकडून खेळला आणि १९७९मध्ये तिथेच वारला.

पण मला हे आजच कळतंय की त्या संघाच्या आघाडीला एक गाडीवान आणि एक बंदूकवाला होते! बाकीच्यांचे अर्थ सांगा ना कुणी.

नीलाक्षी

लॉन्तोश हा बचावपटू: 'लॉन्त' म्हणजे वीणेसारखं एक तंतुवाद्य, तर हा वीणावाला. हिदेगकुती: 'हिदेग' थंड, 'कूत' विहीर, आणि शेवटी आपला तो गावाचा 'ई'. थंडविहीरकर म्हणा. बुदॉई तर वर येऊन गेलाच.

पण फुटबॉलवेडा, एक सांगते. पुश्काशचं मूळ आडनाव पुश्काश नव्हतं. कुटुंब जर्मन वंशाचं, आडनाव पुर्त्सेल्द. १९३७मध्ये बदलून पुश्काश केलं, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. त्याच्या घराण्यात कुणी बंदूकवाला होता असं त्या आडनावावरून काढता येणार नाही. फिरस्तांच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

आबा_गाडीतळ

सगळे प्रतिसाद वाचले. माझं बालपण मुंबईत गिरगावात गेलं. आमच्या वेळी व्हिक्टोरिया होत्या. राणीच्या नावाची गाडी आणि तिचा मालक 'व्हिक्टोरियावाला'. त्या व्हिक्टोरियावाल्याला कुणी राणीचा नातेवाईक समजलं नाही! नीलाक्षीताई म्हणतात ते हेच. आमच्या वाडीच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्याला वडील 'कोचमन' म्हणून हाक मारत. त्याचं नाव काय होतं ते मला आजही माहीत नाही, कोचमन हेच त्याचं नाव. हंगेरीतही असंच झालं असेल. आधी हाक, मग ओळख, आणि पुढे कुणीतरी वहीत लिहून घेतलं की आडनाव.

२०१५मध्ये हायकोर्टाने मुंबईतल्या घोडागाड्या बंद करायचा निकाल दिला. घोड्यांचे हाल पाहिलेले आहेत, निकाल योग्यच होता. पण टापांचा आवाज अजून कानात आहे.

रुळावरचा

आबा, 'कोचमन' वाचून अंगावर काटा आला, कारण मी आयुष्य 'कोच' या शब्दात काढलंय. पस्तीस वर्षं डब्यांच्या देखभालीत. आयसीएफ कोच, एलएचबी कोच, स्लीपर कोच, कोच नंबर, कोच पोझिशन... दिवसातून शंभर वेळा तोंडात. मद्रासजवळच्या पेरांबूरची इंटिग्रल कोच फॅक्टरी १९५५ची. आता आपल्या लातूरला मराठवाडा रेल कोच फॅक्टरी उभी आहे, तिची पायाभरणी २०१८ची. हंगेरीतल्या एका खेड्याचं नाव लातूरच्या कारखान्याच्या पाटीवर आहे, हे माझ्या निवृत्त सहकाऱ्यांना आजच कळवतो.

एक विचारायचं होतं. हंगेरियन लोक रेल्वेच्या डब्याला काय म्हणतात?

नीलाक्षी

रुळावरचा काका, 'कोची'च! झोपायच्या डब्याला 'हालोकोची', जेवणाच्या डब्याला 'एत्केझोकोची'. आणि आज रस्त्यावरच्या मोटारीलाही बोलताना सर्रास 'कोची' म्हणतात.

रुळावरचा

हालोकोची! म्हणजे स्लीपर कोच! आता काय बोलू.

मांडवीकर

हांव मूळचा पणजीचा, सध्या लिस्बनला. इथल्या बेलें भागात राजघराण्याच्या घोडागाड्यांचं एक संग्रहालय आहे, राणी अमेलियाने १९०५ साली सुरू केलेलं. पोर्तुगीजमध्ये घोडागाडीला 'कोश' म्हणतात आणि लिहितात मात्र सी-ओ-सी-एच-ई. सोनेरी मुलामा दिलेल्या त्या अजस्र गाड्या बघून वाटायचं की हा शब्द राजवाड्यातच जन्मला असणार. आज कळलं की तो खेडेगावातल्या सुतारांचा आहे. शेजारी स्पेनमध्ये त्याच स्पेलिंगचा उच्चार 'कोचे' आणि अर्थ साधी मोटार.

वैदर्भी

मला एक कळत नाही. गाड्या तर जगभर होत्या. मग या एका गावच्याच गाडीचं एवढं काय कौतुक?

माझा अंदाज सांगते. आमच्या आजोबांकडे शेतमाल वाहायची बैलगाडी वेगळी आणि दमणी वेगळी. दमणी हलकी, बसायला, लग्नाला, बाजाराला जायला. गाडीला बैल कुठलेही चालत, पण दमणीचे बैल ठेवणीतले. ज्याच्या दारात दमणी त्याचा रुबाब वेगळा. 'सेकेर' आणि 'कोची' यांत असाच फरक होता का?

नीलाक्षी

वैदर्भी, अगदी नेमकं. हर्बरस्टाइन नावाचा, हाब्सबुर्ग या ऑस्ट्रियन राजघराण्याचा एक राजदूत १५१८मध्ये हंगेरीतून गेला. त्याने लिहून ठेवलंय की या गाडीला तीन घोडे शेजारी शेजारी जुंपतात, लोखंड फार कमी असतं, आणि गाडीवान सोडून चार माणसं बसतात. नावाचा उगम कोच गावात आहे हेही तो नोंदवतो. हलकेपणा हाच तिचा गुण. ओझं वाहायची गाडी वेगळी, माणसं लवकर पोचवायची गाडी वेगळी. तिकडे 'सेकेरेश' हेही आडनाव आहेच, आणि ते या जुन्या, जड गाडीवाल्याचं.

आणि रुबाबाचं म्हणाल तर १५२३चा हंगेरीचा कायदाच बघा. सरदारांनी लढाईला येताना लढता येईल असं, घोड्यावर किंवा पायी यावं, पुष्कळ जण येतात तसं कोचीत बसून येऊ नये, असं त्यात लिहिलंय. पुढे तीनच वर्षांनी, १५२६मध्ये, मोहाचच्या मैदानात तुर्कांनी हंगेरीचं राज्य मोडलं. त्या कायद्याचं कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

तर्कटी

यातून आणखी एक गोष्ट निघते. 'कोची' हा गाडीचा अर्थ पंधराव्या शतकातला. म्हणजे 'कोचिश' हे आडनाव त्याच्या आधीचं असूच शकत नाही. 'सेकेरेश' कितीही जुनं असू शकेल. 'कोवाच'ही (हा लोहार ना?) जुनं असणार. आडनावाला जन्मतारखेची एक बाजू मिळणं हे फार दुर्मीळ आहे.

नीलाक्षी

हो, 'कोवाच' लोहारच. शब्द मूळ स्लाव्ह भाषांतला. 'ताकाच' म्हणजे विणकर, तोही तिकडचाच. हंगेरीतलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव 'नॉद्य', म्हणजे थोरला किंवा मोठा, आणि त्याच्या खालोखाल 'कोवाच'. तुमचा जन्मतारखेचा मुद्दा फार आवडला, मी असा विचार केला नव्हता.

खादाडखाऊ

अवांतर: 'गुलाश' हा हंगेरियन रस्साही या 'श'वालाच का?

नीलाक्षी

अवांतर मुळीच नाही! उच्चार 'गुयाश'. 'गुया' म्हणजे गुरांचा कळप, 'गुयाश' म्हणजे गुराखी. गुराखी माळावर कढईत शिजवायचे ते 'गुयाशलेवेश', गुराख्याचं सार. इथेही 'सार' गळालं आणि जगभर लोक 'गुराखी' खातात. गुयाश आडनावाची माणसंही आहेत.

खादाडखाऊ

"आज जेवायला काय?" "गुराखी." घरी हे सांगून बघतो.

सदानंद_कराड

एक गोष्ट बोलायची होती, जरा गंभीर आहे. आपल्याकडे लोहार, सुतार, कुंभार, परीट ही आडनावं सांगितली की समोरचा आधी जात ठरवतो. माझं आडनाव यातलंच एक आहे आणि शाळेपासून हे अनुभवलंय. वडील प्राथमिक शिक्षक, आजोबा पोस्टात, मी इंजिनियर. तीन पिढ्या त्या धंद्यात कुणी नाही, तरी आडनाव विचारणाऱ्याच्या डोळ्यांत ते पहिल्यांदा दिसतं. नीलाक्षीताई, कोवाच आडनावाच्या माणसाला तिथे तसं काही सोसावं लागतं का?

नीलाक्षी

सदानंद, नाही. कोवाच, सॉबो (शिंपी), मोल्नार (पिठाची गिरणीवाला), कोचिश यांच्यापैकी कुणी कुणाशी लग्न करायचं याला आडनावाची आडकाठी नाही. डॉक्टर कोवाच, न्यायाधीश सॉबो, सगळं आहे. तिथे धंदा आडनावात गोठला, पण आपल्यासारखा जन्माला चिकटला नाही.

पण आडनावाचं ओझं तिथेही होतं, वेगळ्या प्रकारचं. १७८७मध्ये सम्राट योझेफ दुसरा याने ज्यूंना जर्मन आडनावं घ्यायला लावली. शंभर वर्षांत वारं फिरलं आणि जर्मन, स्लाव्ह, ज्यू आडनावं बदलून हंगेरियन घेण्याची लाट आली. १८८१मध्ये या बदलाची फी पाच फोरिंटवरून पन्नास क्राय्त्सार, म्हणजे एक दशांश केली. अशांना 'पन्नास क्राय्त्सारचे मज्जार' (मज्जार म्हणजे हंगेरियन) म्हणून हिणवलं जायचं. नाव बदललं तरी लोक विसरू देत नव्हते.

सदानंद_कराड

शेवटचं वाक्य समजलं. आभार.

क्लासवाली_मीना

मी दहावीचे कोचिंग क्लास घेते. या कोचिंगचं काय?

तर्कटी

तेही तिथलंच, मीनाताई. १८३०च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी खाजगी शिकवणी घेणाऱ्याला 'कोच' म्हणायला सुरुवात केली. जो तुम्हाला गाडीत घालून परीक्षेपलीकडे नेतो तो कोच. खेळातला कोच त्याच्यानंतरचा.

क्लासवाली_मीना

म्हणजे मी कोचिशबाई! उद्या वर्गात सांगते. पोरांना इतिहास आणि भूगोल एकदम होईल.

फिरस्ता_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. पैठणीचं उदाहरण मी त्याला सांगितलं. आधी पैठणी म्हणजे काय ते सांगावं लागलं, मग बायकोच्या पैठणीचा फोटो दाखवला. 'कोच, कोची, कोचिश' आणि 'पैठण, पैठणी, पैठणीवाला' असं कागदावर एकाखाली एक लिहून दिलं. त्याने तो कागद ठेवून घेतलाय.

माझा दुसरा प्रश्न मात्र अजून उभा आहे. त्याचे पूर्वज गाडीवान होते का?

नीलाक्षी

त्यालाच विचारा. हंगेरीत सरकारी जन्म-मृत्यू नोंदी १ ऑक्टोबर १८९५पासून आहेत. त्याआधीच्या चर्चच्या वह्या, जुन्या बऱ्याचशा लॅटिनमध्ये. बऱ्याच घरांनी त्या धुंडाळलेल्या असतात.

आबा_गाडीतळ

जरूर विचारा, आणि इथे कळवा. मी वाट बघतोय.

फिरस्ता_पुणे

चार दिवसांनी लिहितोय. त्याच्या आत्याने चर्चच्या वह्यांतून वंशावळ काढलेली होती, ती त्याने मागवली. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे जाते. आडनाव सगळीकडे कोचिशच, त्यामुळे नंतर बदलून घेतलेलं नाही. पण सगळ्यात जुन्या नोंदीत, मुलाच्या बाप्तिस्म्याच्या ओळीत, बापाचा धंदा लिहिलाय 'मोलितोर'. लॅटिनमध्ये पिठाची गिरणी चालवणारा.

म्हणजे तोवर आडनाव पक्कं झालं होतं आणि धंदा निराळा होता. गाडी हाकणारा कोचिश कुणी असलाच तर त्या वहीच्या आधीचा. आत्याबाईंनी म्हणे त्या ओळीसमोर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

तर्कटी

धंद्याने मोल्नार, नावाने कोचिश. आणि बायको?

फिरस्ता_पुणे

सॉबो!

आबा_गाडीतळ

गिरणीवाला म्हणजे धान्य आणायला आणि पीठ पोचवायला दारात गाडी असणारच. आत्याबाईंना माझ्याकडून तेवढं कळवा.